अम्मीला दिसलेला चाँद

रमजान २२

बटणं संपली. निळा दोराही संपत आलाय. लोकांना नवे कपडे ऐन ईदच्या तोंडावरच कसे सुचतात? खुर्चीवर ढीग, पलंगावर ढीग, आणि दोन्हींच्या मधे जागा करून अम्मी तसबीहचे मणी ओढत बसलेली. मी चिडचिड केली की म्हणते, अंथरूण पाहून पाय पसरावेत, चाँद पाहून ऑर्डरी घ्याव्यात. हिचं काय जातंय बोलायला!

रमजान २४

चष्मेवाल्यानं आज विचारलं. लग्नाचं!

त्याचं दुकान आमच्या खोलीच्या खालीच, येणं-जाणं रोजचंच. आज अम्मी आत नमाजला उभी राहिली, आणि त्यानं सरळ विचारूनच टाकलं. माझ्या तोंडात टाचण्या धरलेल्या. एकेक काढेपर्यंत बिचारा घाम पुसत उभा. शेवटची टाचणी काढून मी म्हणाले, "ईदला सांगते."

सांगणार काय, कपाळ! मन तर कधीच हो म्हणून मोकळं झालंय. या वयात, हसू येतं. पण अम्मीला तो डोळ्यांसमोर नको. गेल्या वर्षी ती नवा चष्मा घ्यायला गेली, तर यानं विकलाच नाही. मोतीबिंदू आहे, काचेनं भागायचं नाही, ऑपरेशन करा, म्हणाला. तेव्हापासून "काचा विकायच्या सोडून डॉक्टरकी करतो" हे रोज एकदा ऐकावंच लागतं. तिचं मन मोडून मला सुख लागणार नाही. मग ईदला काय, आणि कधी काय.

रमजान २६

जिन्यात भेटला. म्हणाला, एकोणतिसाव्यालाच चाँद दिसू दे अशी दुआ मागतोय. मी म्हटलं, मी तर तीस रोजांची मागतेय, तीन सदरे आणि एक झबलं बाकी आहे! दोघांच्या दुआ वाटेत भेटून भांडत असतील.

स्वतःचा चष्मा कपाळावर सरकवून खिशात शोधत होता. मी सांगितलं नाही. जरा वेळ मजा बघितली.

रमजान २८

पाठ मोडली. एक बाही उलटी लावली. उसवली.

रमजान २९. उद्या रमजान ३० की शव्वाल १, म्हणजे ईद? ठरेना!

इफ्तारचा खजूर तोंडात टाकून, मगरिबची नमाज उरकून सगळे गच्चीवर. पश्चिमेला ढग. तळमजल्यावरचे इमामसाहेब कठड्याशी उभे. चष्मेवाला अम्मीच्या शेजारी, कारण तिनंच त्याला हात धरून चढवायला लावलं होतं. (शिव्या याला, हातही याचाच!)

आणि एकदम अम्मीचा आवाज, "दिसला! तो काय, टाकीच्या वर!"

गलका उडाला. मुलं नाचायला लागली. आणि माझा एक सदरा अजून बिनबाह्यांचा! इमामसाहेब म्हणाले, एकट्या साक्षीवर ईद होत नाही, अजून कुणाला दिसला? सगळे चष्मेवाल्याकडे बघायला लागले. तो तिथंच, तिच्याच बोटाच्या रेषेत उभा होता. नुसती मान हलवली असती, तर अजून चारजणांना दिसला असता. ईद झाली असती. त्याला उत्तर मिळालं असतं. वर अम्मीही खूश.

त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. मग हळूच म्हणाला, "माफ करा अम्मी. ढगाची कड आहे ती. मला चाँद दिसला नाही."

अम्मी तरातरा खाली आली. म्हणजे, तरातरा येता येईल तेवढी. तोंड फुगलेलं. दुसरीकडूनही कुठून खबर नाही, तेव्हा उद्या रोजा. मला हवा होता तोच तिसावा रोजा! आणि मी मशीनवर बसून रडतेय. इतका आवडला मला तो आज, आणि आजच त्यानं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

रमजान ३०

सगळं शिवून झालं! शेवटचं काज मगरिबच्या जरा आधी. आज चाँद आंधळ्यालाही दिसेल असा लख्ख.

मी केसांत दोऱ्याचे तुकडे, अंगाला घामाचा वास अशी बसलेली, आणि हा दारात. म्हटलं, ईदला सांगते म्हणाले होते ना? तर म्हणतो, चाँद दिसला, ईद लागली. आपला दिवस मावळतीला सुरू होतो.

खरंच की! जन्मभर रोजे धरले, आणि मी आपली 'ईदला' म्हणजे सकाळी, नवे कपडे घालून, असं धरून चाललेले. वरची तारीखसुद्धा चुकली!

एवढंच म्हणाले, अम्मीशी बोलल्याशिवाय नाही. तो म्हणाला, बोला. थांबतो.

शव्वाल १. ईद.

गळाभेट घेताना अम्मी कानात म्हणाली, "मला कुठला चाँद दिसतोय? टाकीसुद्धा दिसत नाही. तू त्याला ईदला सांगते म्हणालीस ते ऐकलं होतं मी. म्हटलं, पोरीचं मन कळतंय, ईदच एक दिवस अलीकडे ओढावी. अल्लाह माफ करो." मग नाक ओढून, "सासूला खोटं पाडलं त्यानं, चारचौघांत! असा जावई शोधून मिळायचा नाही. जा, सांग."

चप्पल न घालताच खाली गेले.