वगळलेली चार वाक्यं

नागपूर, १९ डिसेंबर

प्रिय इसरू,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. विधानसभेचं अधिवेशन चालू आहे आणि मी पार थकलोय. आम्हा प्रतिवेदकांची पाळी दर दहा मिनिटांनी बदलते. आत जायचं, जो जे बोलेल ते लघुलिपीत उतरवायचं, बाहेर येऊन टाईप करायचं, पुन्हा आत. सत्तावीस वर्षं हेच. ‘सन्माननीय सदस्य’ इतक्यांदा लिहिलंय की परवा दूधवाल्यालाही सन्माननीय म्हणून बसलो. चाळीस सन्माननीय एकदम ओरडले की मी कंसात एकच शब्द लिहितो, ‘गदारोळ’.

अशा वेळी आपल्या गावचं गोटुल आठवतं, तिथली बैठक आठवते. तुझा बैल हरवला तेव्हा तू सकाळपासून ऊन डोक्यावर येईस्तोवर बोलत होतास. म्हातारे जांभया देत होते, पण उभा राहिलेला माणूस खाली बसेपर्यंत कोणी मध्ये बोललं नाही. मला मात्र उठून तुझं तोंड दाबावंसं वाटलं होतं.

बुधरीवहिनीच्या मृत्यूबद्दलचा प्रश्न मंगळवारी सभागृहात आला. आपल्या नाल्यावरच्या पुलाचं काम पूर्ण झालं, असं लेखी उत्तर होतं. आपल्या आमदार साधनाबाई एरवी जपून, शुद्ध बोलतात. त्या दिवशी तो कागद हातात धरून घरच्या बोलीत सुटल्या. “पूल झाला म्हनता, तं बुधरी इसरू पुंगाटी खाटेवर काऊन मेली? भर पुरात चार मानसं तिले नाल्यातून नेऊन राह्यले होते. हेमलकशाच्या दवाखान्यात ते पोचलीच नाई.” चौथ्या वाक्यात त्यांनी उत्तर लिहिणाऱ्याला एक शब्द वापरला. तो इथे लिहीत नाही, नोकरीची सवय. खोटं बोलणाऱ्याला आपण म्हणतो तोच. मग गदारोळ झाला, घंटी वाजली, आणि तो शब्द कामकाजातून काढून टाकावा असा अध्यक्षांचा आदेश झाला.

वहिनीचं नाव सभागृहाच्या कामकाजात कायमचं छापलं जाईल, ते पान पाठवतो, असं मी तुला कबूल केलं होतं. तिच्या आठवणीचा दगड उभा करायच्या दिवशी तू ते गोटुलात वाचणार होतास. इसरू, त्या पानावर तिचं नाव नाही. आणि ते साधनाबाईंमुळे नाही, अध्यक्षांमुळेही नाही. ती दहा मिनिटं माझी होती. एक शब्द काढायचा होता, मी चारही वाक्यं काढली. कमी काढलं तर नोटीस येते, जास्त काढलं तर कोणी विचारत नाही. वरिष्ठांनी न वाचता सही केली. साधनाबाई विचारायला आल्या, तेव्हा मी आदेशाकडे बोट दाखवलं. मला माझी लाज वाटते.

आज सकाळी चूक माझी म्हणून लेखी दिलंय. वाक्यं परत येतील की माझी चौकशी लागेल, सांगता येत नाही. दगडाचा दिवस त्यासाठी थांबणार नाही, म्हणून ती चार वाक्यं माझ्या अक्षरात सोबत पाठवतोय. एका शब्दाची जागा कोरी सोडली आहे, कारण तेवढा आदेश खरा होता. वाचताना तिथे आलास की जे म्हणायचं ते म्हण. गोटुलात घंटी नाही.

तुझाच,
दसरू