तोतरे हात

राजिवडा, रत्नागिरी
डिसेंबर २००५

प्रिय उमेर,

जिब्रानची सुट्टी संपली, परवा तो तुमच्या दोह्याला परत निघतोय. त्याच्या बॅगेत हे पत्र, आंबापोळी, सुक्या जवळ्याची पुडी आणि एक डीव्हीडी कोंबली आहे. आंबापोळी एकट्यानं फस्त करू नकोस, सायमालाही दे, बायको आहे तुझी. डीव्हीडी मात्र पत्र पुरतं वाचून झाल्यावरच लाव. गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. या वेळी तरी आपाचं ऐक.

पहिल्या सुट्टीला आलास तेव्हा गळ्यात हँडीकॅम अडकवूनच रिक्षातून उतरला होतास, आठवतं? गल्लीतली एकही कोंबडी तुझ्या शूटिंगमधून सुटली नाही. त्यात एक अख्खी कॅसेट अम्मीची आहे. मागल्या दारी ती मासळी साफ करत बसलीय आणि तू तिला मुद्दाम चिडवून बोलतं करतोयस. बोलतं म्हणजे हातांनी. जन्मापासून कानावर एक शब्द न पडलेली आपली आई दिवसभर किती बडबड करायची, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. वेणी ओढल्याची खूण म्हणजे मी. अंगठा तोंडाशी नेला की तू, कारण शाळेत जायला लागलास तरी तो अंगठा काही सुटला नव्हता. दोन बोटांत शीत चेपल्यासारखं केलं की काम झालं. बांगडा आणि सुरमई यांत तर नुसता बोटांच्या झटक्याचा फरक. ही भाषा तिला कुठल्या शाळेनं शिकवली नाही. तिनं आणि अब्बांनी मिळून घरातच ती घडवली, आणि आपण दोघं तोंडानं बोलायच्या आधी ती शिकलो. आता अब्बा नाहीत. ती पुरती येणारी माणसं आपण तिघंच उरलो.

गेल्या वर्षीच्या लकव्याच्या झटक्यापासून अम्मीचा उजवा हात मांडीवर पडलेला असतो. डाव्यानं बोलते, पण निम्मंच जमतं. मग चिडते आणि उरलेलं मनातच ठेवते. त्यामुळे तिचं सगळं बोलणं आता त्या एका कॅसेटमध्येच आहे. गेल्या महिन्यात तिनंच ती कपाटातून काढून माझ्या मांडीवर टाकली. का, ते मागाहून सांगते. खाऱ्या हवेनं टेपला बुरशी धरायला लागली होती, म्हणून मी ती डीव्हीडीवर घ्यायचं ठरवलं. माझी अट एकच होती, तिच्या हातांचा शब्द न् शब्द वाचता आला पाहिजे.

माळनाक्याला शार्दूलचं दुकान आहे, लग्नाचं शूटिंग करतो तो. त्यानं टेप कॉम्प्युटरवर घेतली आणि मला बोलावलं. अम्मी नुसती बसलेली होती तोवर चित्र छान होतं. हात उचलला मात्र, आणि बोटांच्या कडा फणीच्या दातांसारख्या फाटल्या! शार्दूलनं समजावलं, की कॅमेरा एक चित्र एका दमात घेत नाही. आधी एकाआड एक ओळी घेतो, मग उरलेल्या. स्वस्थ बसलेलं माणूस दोन्ही वेळा जागच्या जागी असतं, पण हलता हात तेवढ्यात पुढे गेलेला असतो. कॉम्प्युटर दोन्ही अर्धुकं एकदम दाखवतो, म्हणून ते दात दिसतात.

त्यानं मग दोन्ही अर्धुकं एकात एक मिसळली. दात गेले, पण प्रत्येक हाताला धुरकट जोडीदार आला. घरी अम्मीनं पाहिलं आणि डाव्या हातानं खेकडा चालवून दाखवला, इतके हात कुणाला असतात! पुढच्या खेपेला शार्दूलनं एक अर्धुक काढूनच टाकलं. बोटं पायऱ्या-पायऱ्यांची झाली आणि झटके गायब. बांगडा कुठला, सुरमई कुठली, मलाच कळेना. लग्नात अक्षता टाकणारे हात असे दिसले तर कोण तक्रार करतंय? त्याला बिचाऱ्याला ही सवयच नव्हती. तिसऱ्या वेळी त्यानं दोन्ही अर्धुकं ठेवली, तर टीव्हीवर हात पुढे जाई, मागे येई, परत पुढे जाई. अम्मी बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं ओठांपुढे बोटं थरथरवली आणि नाक्यावरच्या धोंडू वाण्याच्या दुकानाकडे बोट केलं. धोंडू तोतरा बोलतो ना, त्याच्या ओठांवरचं वाचताना ती नेहमी मेटाकुटीला येते. तिचे स्वतःचेच हात तोतरे झाले होते! आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. शार्दूलला हे सांगितलं तर त्यानं कपाळावर हात मारला. ‘थांबा आपा, माझंच चुकलंय. आधीचं मागाहून नि मागचं आधी जातंय हो.’

या खेपेला त्यानं काहीच मिसळलं नाही आणि काही काढलंही नाही. कॅमेऱ्यानं ज्या क्रमानं घेतलं त्याच क्रमानं ठेवलं. कॉम्प्युटरवर दात होतेच, मी कुरकुरले. तो म्हणाला, घरच्या टीव्हीवर लावून तर बघा. आपला जुना डबा टीव्ही एकामागून एक अर्धुक दाखवतो, त्याला हे बरोबर कळतं. आणि खरंच रे, अम्मी बोलली. सुरमई सुरमईसारखी सळसळली. पडद्यातल्या बाईनं काहीतरी विचारलं, तर सोफ्यावरच्या अम्मीनं डाव्या हातानं तिला उत्तर दिलं. मी रडले, लपवत नाही. तूही ही टीव्हीवरच लाव, लॅपटॉपवर नको.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते ऐक. जिब्रानबरोबर तू तुझ्या लेकीच्या, आयातच्या वाढदिवसाची सीडी पाठवलीस. त्यात तिच्या अगदी पाठीमागे फुगा फुटतो. मी आवाजासरशी दचकले, आयात मात्र केकमध्ये बोट घालून शांत. पण अम्मीला फुगा ऐकू आलाच नव्हता. तिला दिसलं ते एवढंच, की सगळी पोरं उडाली आणि एक उडाली नाही. तिनं मला ते पुन्हा लावायला लावलं. मग अंगठा तोंडाशी नेला, कानाला हात लावला आणि तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला: उमेरच्या पोरीचे कान माझ्यावर गेलेत. उमेर, मुलगी उशिरा बोलेल असं तू फोनवर सांगतोस ते का, हे मला कळतं. अम्मी स्वतःला दोष देईल म्हणून भ्यालास. दिलाच तिनं. त्या दुपारी ती जेवली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी मात्र उठली आणि ती कॅसेट काढून आणली. तू डॉक्टर कर, कानाचं मशीन कर, शाळा बघ, सगळं कर. पण तोवर घरात कुणीतरी आयातशी बोलायला हवं, आणि तुला ते जन्मापासून येतं. विसरला असशील तर डीव्हीडीत अम्मी आहे. फक्त आयातचं नाव त्यात नाही, ते अम्मीनं आता ठेवलंय. बोटाचं टोक नाकाच्या शेंड्याला लावायचं, वाढदिवसाला केकचं क्रीम लागलं होतं तिथं. हे वाचून झालं की तिच्या समोर जाऊन बस, आणि तिला एकदा नावानं हाक मार.

तुझीच,
वेणीवाली झरीन आपा