ढगपेटी

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
२२ डिसेंबर २०२५

चि. राजेंद्र यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. गुडघे दुखतात. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि ते आलं की या वयात मी बादल्या घेऊन घरभर धावते. दिवसभर प्रचाराच्या रिक्षा फिरतात. सगळ्या उमेदवारांची गाणी एकाच चालीवर आहेत, त्यामुळे कोण कुठल्या पक्षाचा ते कळत नाही. अर्थात ते त्यांनाही नीट कळत नसावं; निम्मे जण गेल्या महिन्यात दुसरीकडे होते.

घरचा व्हॉट्सअॅप ग्रुप मी सोडला. तुझ्या साडूंनी मला देशप्रेम शिकवणारा व्हिडिओ पाठवला, तो शेवटचा. निशाला सांग, तिच्या भावोजींचा राग तिच्यावर नाही.

राग तुझ्यावर आहे. काल सत्यमचं पत्रक कुणीतरी दाराखालून सरकवलं. तुझा मुलगा आमच्या प्रभागातून अपक्ष उभा राहिला याचं मला कौतुकच होतं. चष्मा लावून वाचायला बसले. रस्ते, दिवे, गटारं झाली आणि मग आलं की प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर ‘ढगपेटी’ बसवू, ती हवेतली ओल शोषून पाणी करील, आणि पहाटे प्रत्येक घरात नळ गाऊ लागेल.

नळ गाऊ लागेल! हे वाक्य माझं आहे, राजू. तुझ्या वाढदिवसाला मी जी गोष्ट लिहून पाठवली, तिच्यातलं. माझ्या गोष्टीत साल २०९० होतं. तुझ्या चिरंजीवांनी ते खोडून ‘पाच वर्षांत’ केलं.

मी कॉन्व्हेंटमध्ये मॉरल सायन्सच्या पुस्तकाखाली लपवून विज्ञानकथा वाचायची आणि सुट्टीत लासूरला आले की फलाटावरच्या बाकावर बसून तुला मराठीत सांगायची. तेव्हापासूनचा आपला नेम आहे. एकाच्या वाढदिवसाला दुसऱ्याने विज्ञानकथा लिहून पाठवायची आणि ती तिसऱ्याने वाचायची नाही. माझ्या नवऱ्यालाही मी कधी वाचू दिली नाही. बिचारा विचारून विचारून गेला.

खुलासा कर. तोवर लोभ आहे तेवढाच राहील, वाढणार नाही.

तुझी ताई,
करुणा

---

लासूर स्टेशन
२७ डिसेंबर २०२५

ती. करुणाताईस,
सविनय जय भीम.

तुझं पत्र दुकानात आलं. गिऱ्हाईक समोर असताना फोडलं, ही चूक झाली. मका-बियाणं मागणाऱ्याला मी कपाशीचं दिलं.

ताई, झालं ते असं. दिवाळीत सत्यम इथं ओट्यावर डोकं धरून बसला होता. त्याच्यामागे ना पुढारी, ना गाड्या. रस्ते-पाणी तर सगळेच बोलतात, मी नवीन काय बोलू, म्हणत होता. त्याचं मन रमावं म्हणून मी तुझी गोष्ट वाचायला दिली. त्याने त्यातलं उचललं हे मला पत्रक छापून आल्यावर कळलं. खरं सांगू का, मी आधी हसलो. आपल्या ताईचं लिखाण छापलेलं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

पण आता लोक त्याला रस्त्यात थांबवून ढगपेटीचं विचारतात. आजवर त्याला कुणी थांबवलं नव्हतं. तूच सांग, वचननामा कोण खरा मानतं? मोठमोठे लोक काय काय बोलून गेले, त्यांना कुणी विचारलं? आपल्या घरातून निवडणुकीला उभा राहणारा हा पहिलाच. मत पडेपर्यंत गप्प राहा, एवढीच विनंती. पुढे मला काय बोलायचं ते बोल.

निशा नमस्कार सांगते. तिने गूळ पाठवलाय, गुडघ्यांना चांगला असतो म्हणे. नेमका कशाला चांगला नसतो ते तिलाही माहीत नाही.

तुझा,
राजू

---

हर्सूल
४ जानेवारी २०२६

चि. राजू,
जय भीम. गूळ पोहोचला. लाच म्हणून चांगला आहे.

मी गप्प बसणार होते. टेलिफोन खात्यात उभी हयात नोकरी केली. ऐकून न ऐकल्यासारखं करायची सवय आहे. पण परवा खालच्या मजल्यावरच्या चंपाबाई वर आल्या. त्यांच्याकडे साठवणाची टाकी नाही, एक गळकं पिंप आहे. उन्हाळ्याच्या आत टाकी घ्यायची म्हणून वर्षभर त्या पैसे बाजूला टाकत होत्या. आता घेत नाही, म्हणाल्या. तुमचा भाचा गच्चीवर पेटी बसवणारच आहे, मग दोन-दोन कशाला, असा त्यांचा हिशोब. त्या पैशात नातीला सायकल घेतली. वर मला विचारलं, की पेटी गच्चीच्या कोणत्या कोपऱ्यात येईल, म्हणजे त्या पापड वाळवायची जागा बदलतील.

वचननामा कोण खरा मानतं, असं तू विचारलं होतंस. चंपाबाई मानतात. मी त्यांना काय सांगू? की ती पेटी मी एका दुपारी, टँकरची वाट बघत, वैतागून कागदावर बनवली?

खोटं बोलणाऱ्यांचा मला आता राग येत नाही, नुसता थकवा येतो. पण या वेळी खोटं माझ्याच अक्षरातून निघालंय, ते मला झेपत नाही. सत्यमची येत्या रविवारी कोपरा सभा आहे. आत्या म्हणून त्याने मला व्यासपीठावर बोलावलंय. मी जाणार आणि बोलणार. तुला आधी कळवते आहे, पाठीमागून काही करत नाही.

यानंतर तू पत्र लिहिणं बंद करशील, याची मला भीती वाटते. खरीखुरी. आपल्या घरात माझ्याशी परग्रहांवरून भांडणारं दुसरं कुणी नाही.

करुणा

---

लासूर स्टेशन
१८ जानेवारी २०२६

ती. करुणाताईस,
जय भीम.

निकाल तुला कळलाच असेल. सत्यम पडला. सभेला मी नव्हतो, पण साडूंनी सगळं सांगितलं. तू माइक घेऊन भर सभेत म्हणालीस, की पत्रकातली पेटी ही गोष्टीतली आहे, कुणी तिच्या भरवशावर राहू नका. लोक हसले. ते हसू आमच्या घरात अजून ऐकू येतंय. निशा जेवत नाही. सत्यम नुसता मोटारसायकल पुसत बसतो.

तू खरं बोललीस हे मला मान्य आहे. पण सख्ख्या आत्याने बोलायला हवं होतं का? एवढंच लिहितो. जास्त लिहिलं तर वाईट लिहीन.

राजेंद्र

---

हर्सूल
२३ जानेवारी २०२६

चि. राजू,
अनेक आशीर्वाद. ‘राजेंद्र’ अशी सही तू मला पहिल्यांदाच केलीस.

साडूंनी तुला अर्धी सभा सांगितली. मी बोलून खाली बसले तेव्हा लोक हसत होते हे खरं. मग सत्यम उठला. मला वाटलं, आत्याचं वय झालंय, असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेईल. टाळ्याही मिळाल्या असत्या. तो म्हणाला, की आत्या सांगते ते खरं आहे, ते वाक्य मी न विचारता उचललं, असं यंत्र बसवायची माझी ऐपत नाही आणि अक्कलही नाही. मी निवडून आलो तर टँकरची वेळ पाळायला लावीन, तेवढं जमेल, हेही म्हणाला. मग कार्यकर्त्याकडून पेन घेतलं आणि उरलेल्या पत्रकांवरच्या ओळी तिथंच बसून खोडायला लागला. लोक उठून गेले तरी खोडत होता. साडू तो उठण्याआधीच निघून गेले असावेत.

दुसऱ्या दिवशी तो चंपाबाईंकडेही गेला. त्या त्याला लई बोलल्या. तो मान खाली घालून ऐकत राहिला. सायकल परत करायला त्या तयार नाहीत, तेव्हा टाकी मी घेऊन देते आहे. पेटी माझी होती.

प्रभागाला चार नगरसेवक, म्हणून मतदानाला चार बटणं दाबायची होती. तीन ठिकाणी मी ‘वरीलपैकी कुणी नाही’ दाबलं. चौथं सत्यमला दिलं. इतक्या वर्षांत मी अनेकांना मत दिलं, मनापासून हे पहिलंच. मी ज्याला पाडलं त्यालाच मत दिलं, हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुला सांगते.

त्याने घरी सांगितलं नसेल, तर त्याला विचार. रागावून का होईना, पण लिही.

तुझीच,
ताई

---

लासूर स्टेशन
३० जानेवारी २०२६

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि.

सत्यमला विचारलं. व्हय म्हणाला, आणि मोटारसायकल पुसत राहिला. मग पुसता पुसताच म्हणाला, की आत्या बोलल्यावर आधी घाम फुटला आणि मग हलकं वाटलं. निशा जेवली. तुझ्यावरचा तिचा राग संक्रांतीपासूनचा आहे, तो होळीपर्यंत चालेल. माझा संपला.

पण तुझ्याशी एक भांडण आहे आणि ते मी सोडणार नाही. आपल्याकडे पाण्याची गरज असते मे महिन्यात, आणि तेव्हा हवेत ओल असते कुठे? लासूरला पिळलेली चादर दोरीवर टाकेपर्यंत वाळते. तुझी ढगपेटी शोषणार काय, फुफाटा? कोकणातली हवा मराठवाड्यात आणून तू गोष्ट पुढे रेटली आहेस. टेलिफोन खात्यातल्या बाईकडून ही अपेक्षा नव्हती. सविस्तर खुलासा पाठवावा.

सत्यम म्हणतो, तो खुलासा त्यालाही वाचायचा आहे. त्याला हो म्हणू का, ते तू सांग. या वेळी विचारल्याशिवाय देणार नाही.

तुझा,
राजू