चेन ढिली कोण करतंय?

१२ जानेवारी, सोमवार
आजपासून मोहिनीच्या मोटोक्रॉस बाईकची टेक्निकल बाजू मी सांभाळणार. जेवताना जाहीर केलं. टाळ्या वगैरे नाहीत. बायको, कोकिळा, म्हणाली, आधी पाटलांचं दळण द्या, सकाळपासून डबा पडलाय.
कारण लिहून ठेवतो. दिवाळीला टाकलेली चेन आताच लांबली. मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या चक्राचे, दात विळ्यासारखे वाकले. काल नवा सेट बसवला. हा सेट टिकलाच पाहिजे, कारण ८ फेब्रुवारीला धुळ्याची रेस आहे. नाशिकच्या टीमच्या दिपमाला मॅडम तिथून एकच मुलगी निवडणार. मग अख्खा सीझन टीमची गाडी, टीमचं ट्रेनिंग. पोरगी या एका दिवसासाठी दोन वर्षं धूळ खातेय.
यातलं मला काय कळतं? असोद्यात पिठाची गिरणी चालवतो. मोटर, पुली, पट्टा यांत हयात गेली. चेन म्हणजे लोखंडी पट्टा. आबा, म्हणजे माझे वडील, नेहमी सांगतात, पट्टा ढिला त् पीठ जाडं.

१३ जानेवारी
गाडी स्टँडवर घेतली. चेन खालून बोटाने उचलून पाहिली. तीन बोटं वर येते! एवढी ढील आमच्या जुन्या पट्ट्यालाही नव्हती. अ‍ॅक्सलचा नट सोडून, चाक मागे ओढून, कडक ताणली. आता टिचकी मारली की वाजते.
मोहिनी कॉलेजातून आली आणि म्हणाली, पप्पा, ढील मुद्दाम ठेवायची असते, उडीवरून खाली आलं की मागचं चाक वर दबतं, तेव्हा चेन आपोआप ताणली जाते, जागाच नसेल तर तुटेल. तिचं वय अठरा. मी पट्टा आणि पुलीचं शास्त्र समजावून सांगितलं. ती गप्प बसली. पटलेलं दिसतंय.

१४ जानेवारी, संक्रांत
चेनला ग्रीस. भरपूर. मोहिनी म्हणे ग्रीसला रेती चिकटते, चेनसाठी वेगळा स्प्रे असतो, आधी ब्रशने धुवायची असते. म्हटलं, गोड बोल. त्याच हाताने तिळगूळ वाटले. कोणी खाल्ले नाहीत. लोकांचं गोडही कमी झालंय हल्ली.

१६ जानेवारी
चेन पुन्हा ढिली. बरोब्बर तीन बोटं. पुन्हा ताणली.

१७ जानेवारी
पुन्हा ढिली!! नवी कोरी चेन रोज लांबणं शक्य नाही. म्हणजे कोणीतरी रोज ढिली करतं.
कोण? विचार करायची गरजच नाही. गिरणीला लागून तोतारामचं हार्डवेअरचं दुकान. त्याच्याकडे सगळ्या मापाचे पाने. त्याची मेघा त्याच रेसमध्ये उतरतेय. मोहिनी आणि मेघा एकाच पडीक शेतात प्रॅक्टिस करतात, एकाच बाटलीतलं पाणी पितात. पोरी भोळ्या असतात. बाप नसतात.

२१ जानेवारी
पुरावा हवा. काल गिरणी बंद करताना गाडीभोवती पीठ पसरलं. कळण्याचं, ज्वारी-उडदाचं, म्हणजे ठसा नीट उठतो.
सकाळी पाहिलं तर ठसे फक्त मोहिनीच्या चपलांचे. थेट मागच्या चाकापर्यंत. तिथे गुडघे टेकल्याच्या दोन खुणा. म्हणजे तोताराम माझ्या कल्पनेपेक्षा चलाख निघाला. मोहिनीच्या ठशांवर बरोब्बर पाय ठेवत आला आणि गेला! अंगावर काटा आला.
पीठ मात्र उडून सगळं ग्रीसवर बसलं. मोहिनीने दोन तास रॉकेलने चेन धुतली. मदतीला गेलो तर म्हणाली, नको पप्पा, प्लीज. स्वावलंबी आहे.

२४ जानेवारी
तोतारामला चारचौघांत विचारलं. तो लालबुंद. मी काह्याले येऊ तुह्या गिरनीत? मले दुसरे धंदे नही का? असं ओरडला. मी म्हटलं, चोराला धंदा तोच. मेघा काहीतरी सांगायला पुढे आली, तर मोहिनीनेच तिला हाताला धरून मागे ओढलं. मी नोंद घेतली. मैत्रिणीच्या बापाची लाज झाकते. किती मोठं मन.
संध्याकाळी तोताराम दळणाचा डबा उचलून भादलीच्या गिरणीत गेला.

३० जानेवारी
संकल्प: रेसपर्यंत कोणावर ओरडायचं नाही.
चेन ढिली. ओरडलो.
घरात वातावरण टाईट. मोहिनी ताटावर बोलत नाही. कोकिळा फक्त भांडी आपटते. आबा विचारतात, पोरीले झालं काय? मी सांगितलं, रेसचं टेन्शन.
आज प्रॅक्टिसला निघताना स्वतः ताणून दिली, ढिली करायला कोणाला वेळच दिला नाही. एका फेरीतच परत आली. चेनला हात लावला तर चटका. पुढच्या स्प्रॉकेटमधून कर्रकर्र आवाज. म्हटलं, नवं आहे, घासून बसेल. मोहिनीचे डोळे भरले. म्हणाली, पप्पा, बाकी काहीही करा, रेसच्या दिवशी चेनला हात लावू नका. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, त्याच दिवशी तर खरी गरज आहे, बेटा.

७ फेब्रुवारी
जळगावहून टी-शर्ट छापून आणला. पाठीवर ‘चीफ मेकॅनिक’. आबांना फार आवडला. उद्या पाना माझ्या खिशात राहील. दुसऱ्या कोणाचा हात चेनला लागणार नाही.

८ फेब्रुवारी, रविवार. धुळे. सकाळ
गर्दी. ऊन. मेघाचा बाप समोरच उभा, एकटक बघतोय.
स्टार्टच्या आधी शेवटची ताण दिली. तिथला एक स्वयंसेवक धनसिंग वाकून बघत म्हणाला, भाऊ, चेन भलती घट शे, जराशी ढिली करा. त्याला पट्ट्याचं शास्त्र सांगितलं. तो निघून गेला.
गल्लीतले पंधरा-वीस जण आलेत. सगळ्यांनी चीफ मेकॅनिकचे फोटो काढले. पाठमोरे, समोरून, पाना घेऊन. मोहिनी ग्लोव्हज हातात घेऊन उभी. एकदा चेनकडे बघे, एकदा माझ्याकडे. हळूच म्हणाली, पप्पा, पाना द्या ना एक मिनिट. म्हटलं, आधी फोटोत ये. आली. मग हेल्मेट घातलं.

दुपार
दुसऱ्या फेरीला मोहिनी पहिली. मी ओरडून ओरडून घसा बसवला. मोठ्या उडीवरून खाली आली. चाक जमिनीला लागलं आणि फटाक्यासारखा आवाज झाला. चेन तुटून चाकात अडकली. पोरगी हँडलवरून पुढे फेकली गेली. धुळीत काही दिसेना. मागून येणाऱ्या मेघाने गाडी टाकून दिली आणि तिच्याकडे पळाली. मला धावताच येईना.

संध्याकाळ
दवाखाना. खांद्याजवळचं हाड मोडलंय. सहा आठवडे. देवाची कृपा, बाकी ठीक.
दिपमाला मॅडम भेटायला आल्या. तुटलेली चेन हातात घेऊन विचारलं, ही कोणी लावली? मोहिनी म्हणाली, मी.
मी बोलणार होतो. अगदी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात एक्स-रेसाठी हाक आली. मग टी-शर्टवर स्वेटर घातलं. दवाखान्यात एसी फार होता.
चेनच्या कंपनीला पत्र लिहावं लागणार.

१२ फेब्रुवारी
पत्रात पुरावा हवा, म्हणून मोहिनीला विचारलं, तुला कधी संशय आला होता का, चेन कोण ढिली करतं याचा?
म्हणाली, मीच करायचे. रोज सकाळी, तुम्ही आंघोळीला गेलात की.
म्हटलं, मग सांगायचं नाही का? म्हणाली, सांगितलं होतं. मग तुम्ही रोज इतके खुशीत असायचात गाडीपाशी. मलाच वाटलं, राहू दे, दोन मिनिटांचं तर काम.
आणि रेसच्या दिवशी?
तिने झोळीतला हात सावरला. मग म्हणाली, सगळे तुमचे फोटो काढत होते. त्यांच्यासमोर कशी ढिली करू?
गिरणीत जाऊन मोटर चालू केली. दळायला काही नव्हतं. लाज वाटली. इतकी की आवाज हवा होता.

१३ फेब्रुवारी
सकाळीच तोतारामकडे गेलो. हात जोडले. तो म्हणाला, मेघानं सांगलं मले सारं, जाय घरी.
मग दिपमाला मॅडमना फोन. सगळं सांगितलं. म्हटलं, चेन मी लावली होती, पोरीची चूक नाही. त्या म्हणाल्या, कळलं होतं मला, तुमचा टी-शर्ट रेसलाच पाहिला होता, स्वेटरखाली कॉलर दिसत होती. मग म्हटलं, तिला घ्या ना. त्या शांतपणे म्हणाल्या, चेन तुटणार हे माहीत असून जी मुलगी कोणाचं मन राखायला गाडीवर बसते, तिला मी उडीवर कशी पाठवू? आधी तिला नाही म्हणता येऊ द्या. पुढच्या वर्षी बघू.
हे मोहिनीला सांगितलेलं नाही. सांगावं लागेल. उद्या.

१४ फेब्रुवारी
सांगितलं. ती म्हणाली, बरोबर आहे त्यांचं. आणि पाना मागितला. दिला.

२२ मार्च, रविवार
हाताची झोळी निघाली. नवा सेट आला. मोहिनी आणि मेघा गिरणीत गाडीपाशी बसल्या. मी बाजूला उभा. मला पाहून मोहिनी म्हणाली, पप्पा, या. मनात म्हटलं, बघा, शेवटी अनुभव लागतोच.
म्हणाली, सीटवर बसा. चेन सगळ्यात जास्त कुठे ताणली जाते ते बघायला सीट दाबून धरायची असते. वजन लागतं. आबांना बसवून पाहिलं, पण ते हलके पडतात.
मेघा नट फिरवत होती. मोहिनी चेनखाली बोट घालून बघत होती. मी एक सूचना करायला तोंड उघडलं.
नाही, पप्पा, असं मोहिनी म्हणाली. मान वर न करता. बोलू नका आणि हलू नका.
पाऊण तास बसून होतो. हललो नाही.