घराचं तोंड

बाबा, आपल्या घराचं तोंड शेताकडे का, हे तुम्ही मला तीनदा सांगितलंत आणि तिन्ही वेळा वेगळं. तुम्ही होतात तोवर ते खपून गेलं. पण या उन्हाळ्यात दादाने उमरोळीचं घर उतरवलं, त्याच जागी सिमेंटचं बांधायचं म्हणून, आणि गवंडी चुन्याची फक्की हातात घेऊन उभा राहिला. "तोंड कुठं ठेवायचं ते सांगा. एकदा पाया खनला का मी नाय फिरवनार." दादा म्हणाला, रस्त्याकडे. आई म्हणाली, होतं तिकडेच. आणि मग दोघं माझ्याकडे बघायला लागले, कारण घरातला शिकलेला मी.

दादाचं काही चुकत नव्हतं. बोईसरच्या कारखान्यांच्या बस आता घराला खेटून जातात. त्याला पुढे दुकान काढायचंय. आणि आपलं घर रस्त्याला पाठ दाखवून बसलेलं, न्हाणी रस्त्याच्या बाजूला, ओटी पलीकडे. पोस्टमन लांबूनच ओरडायचा, "आंगोळीला कोन हाय का? पोस्टमन आला हाय!" आणि तुम्ही ओटीवरून, "फेरी मारून ये रे!" सगळ्यांना गोठ्यावरून फेरी. आईची वरातसुद्धा तशीच आली. "तुमच्या घरात माझं तोंड पहिल्यांदा म्हशीनं बघितलं," असं ती तुम्हाला किती वेळा ऐकवायची.

पहिलं कारण खळ्यावरचं. मी लहान आहे, भाताची झोडणी चाललीय, तुमच्या केसांत पेंढा अडकलाय. "घर राखणीला बसलंय," तुम्ही सांगताय. "राखणदार पिकाकडे पाठ करून बसतो काय?" दुसरं, मी कॉलेजात जायला लागल्यावर, पालघरहून येताना एसटीत. तेव्हा हा रस्ताच नव्हता, गाड्या बांधावरून यायच्या. तिसरं दवाखान्यात. मी मोसंबी सोलतोय आणि तुम्ही मध्येच बोलता की आजोबांचं भावाशी वाजलं, त्याचं घर रस्त्यापलीकडे, म्हणून त्यांनी पाठ फिरवली. मी म्हटलं, पण बाबा, आधी तर तुम्ही... "तेही खरं," म्हणालात आणि पाणी मागितलंत. त्या 'तेही खरं'चं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. तेही म्हणजे कुठलं?

त्यात घर उतरवताना भलतंच झालं. कौलं काढली, सागाचे खांब आडवे केले, मग कुडाच्या भिंती. शेणमातीचा गिलावा सुटून नुसत्या कारवीच्या काठ्या उभ्या राहिल्या, घर किती बारीक होतं ते तेव्हा दिसलं. न्हाणीमागची भिंत पडली आणि तिच्याखाली एक उंबरठा निघाला. सागवानी, मधोमध झिजून खोलगट झालेला. म्हणजे तिथे दार होतं. वर्षानुवर्षं माणसं तिथून आत-बाहेर करत होती. म्हणजे घराचं तोंड आधी रस्त्याकडे होतं आणि कोणीतरी ते फिरवलं! तुमची राखण गेली, बांधावरच्या गाड्या गेल्या. भाऊबंदकी उरली होती, पण आई म्हणते रस्त्यापलीकडे कोणाचं घर कधी नव्हतंच, नुसता माळ.

दादा खूश. "बघ, मूळ तोंड इकडेच. टाक रे चुना." आई कौलांच्या ढिगावर बसली होती. मी विचारलं, तुला शेताकडेच का हवं? "मला म्हातारीला काय, कुठेही बसेन." तेवढ्यात कारखान्याची बस आली, खिडक्यांतून पोरं बघत होती. आईने पदर कपाळावर ओढला आणि कौलांवर बसल्या बसल्या रस्त्याकडे पाठ केली.

तेव्हा मी बोललो. म्हटलं, बाबा मला सांगून गेलेत. आजी नवी नवरी होती, रस्त्याने जाणारे-येणारे बघायचे, तिला ओटीवर बसायला संकोच वाटायचा. म्हणून आजोबांनी ते दार बुजवलं आणि ओटी शेताच्या अंगाला घेतली.

असलं तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात. मी तिथल्या तिथे रचलं.

आणि आई म्हणाली, "हो. सासूबाई मला बोललेल्या. डाव्या खांबाला टेकून बसायच्या, केस मोकळे सोडून."

"मला कसं कोणी सांगितलं नाही?" दादा.

"तू विचारलंस कधी?"

दादाने एक ढेकूळ लाथेने उडवलं. "मार शेताकडे. दुकान मागनं काढू."

"म्हंजे गिऱ्हाईक न्हानीत?" गवंडी म्हणाला, पण चुना टाकला.

दुसऱ्या दिवशी आई सुकट निवडत होती. मी हळूच विचारलं, आजी खरंच तसं बोलली होती? ती वर न बघता म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?" म्हटलं, बाबांनी. "मग झालं तर." आता मला समजत नाही की तिने मला सांभाळून घेतलं, का मी थापेत नेमकं खरं बोलून गेलो. का तुमचीही तिन्ही कारणं अशीच, समोर कोण बसलंय ते बघून निघालेली? घर शेताकडे तोंड करून कमरेएवढं वर आलंय. हे कागद दादाला सापडले तर तो तेवढंही पाडायला लावेल, म्हणून हे माझ्याच पुस्तकांत राहतील. एक मात्र सांगतो. गावात कोणी विचारलं की मी आता आजीचंच कारण सांगतो आणि सांगताना तुमचा आवाज काढायला बघतो. नीट येत नाही.