व्याह्यांचा मान आणि बाल्कनीतला कॉम्प्युटर

कारागांदा,
बुधवार, ४ फेब्रुवारी

आदरणीय झौरे आत्या,

तुम्हाला वाकून सलाम. घरातली माणसं आणि गोठ्यातली जनावरं सुखरूप आहेत ना? आतोबांचा गुडघा कसा आहे? कार्करालीत बर्फ खिडकीपर्यंत आल्याचं ऐकलं. आम्ही इकडे सगळे मजेत आहोत. (हे वाक्य रीत म्हणून लिहिलं आहे, माहिती म्हणून नव्हे.)

पुढे जाण्याआधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते. आजोबांचा कॉम्प्युटर जळाला, असं मी लिहिलं होतं. तसं झालेलं नाही. पडदा काळा झाला होता आणि जळका वास आला होता, हे दोन्ही खरं. पण वास हीटरवर वाळत ठेवलेल्या त्यांच्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, बुटांचा होता. कॉम्प्युटर जिवंत आहे आणि पूर्वीपेक्षा जोमात आहे. जळालं असेल तर माझं लग्न. (तेही पुरतं जळालेलं नाही, धुमसतं आहे. खात्री केल्याशिवाय लिहू नये, हे आजोबांनी मला घरीच शिकवलं. शाळेत मी दहाव्या वर्षी गेले, तोवर ही खोड अंगात मुरली होती आणि शाळेला ती काढता आली नाही.)

तेमिरताऊचे झोल्दिबाय, म्हणजे माझ्या एरालीचे वडील, तुम्हाला ऐकून माहीत आहेत. ते जन्मभर पोलादाच्या भट्टीपुढे उभे राहिले. आजोबांनी जन्मभर कोळशाच्या खाणीत हवा खेळवली. एवढी कामाची दोन माणसं निवृत्त झाल्यावर काय करतात? कॉम्प्युटरवर रणगाडे लढवतात. रोज संध्याकाळी, कानाला हेडफोन लावून, फक्त वरच्या आणि खालच्या मजल्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात. हिवाळा लागेपर्यंत सगळं सुरळीत होतं, कारण आजोबा रोज हरत होते. आमचा कॉम्प्युटर म्हातारा. शत्रूचा रणगाडा त्यात दिसायचा तो आपला फुटून गेल्यावर. रोज जिंकणाऱ्या माणसाचं मन फार मोठं होतं. झोल्दिबायनी निरोप पाठवला की जानेवारीअखेर येतो आणि मुलीच्या कानात डूल घालून नातं पक्कं करतो. आजीने लगेच तुम्ही पाठवलेल्या घोड्याच्या मांसातला कमरेचा तुकडा, व्याह्यांच्या मानाचा, बाल्कनीत वेगळा टांगला. मी कानातली जुनी रिंगं काढून ठेवली. (कान तेव्हापासून रिकामे आहेत. बाजारात बायका निरखून बघतात आणि काही विचारत नाहीत.)

मग झोल्दिबायनी एकदा हेडफोनमधून आजोबांना, मानाची हाक मारून, विचारलं, "साके, तुमचा रणगाडा घोडा ओढतो की गाढव?" व्याह्याने व्याह्याची थट्टा करावी, चारचौघांत करावी, त्याचा तो हक्क आहे. पण हक्क सुरू होतो डूल घातल्यावर. आजोबांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "अजून व्याही झाला नाही आणि थट्टा आगाऊ उचलतोय." आजी कणीक मळता मळता म्हणाली, "गाढव म्हणाला ना? मग माणसाला नजर आहे."

दुसऱ्या दिवशी ओव्हरक्लॉकिंग सुरू झालं. म्हणजे प्रोसेसरला कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. नवा प्रोसेसर घ्यावा, असं घरातल्या एका मूर्ख व्यक्तीने (मी) सुचवलं. आजोबांच्या मते प्रोसेसर हा खाणकामगार असतो. त्याचं वय बघायचं नाही, त्याला हवा मिळते का ते बघायचं. हवा द्या, तो दोन पाळ्या करील. पडद्यावरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नाहीत, त्यामुळे सेटिंग बदलायचं काम माझं. ते म्हणायचे "चढव", मी वेग एक पायरी चढवायची, व्होल्टेज किंचित वाढवायची. रणगाडा टेकडी ओलांडायचा आणि पडदा काळा. त्यांनी प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. पंख्याला पुठ्ठ्याचा बोगदा जोडला. प्रत्येक खेळ संपला की पाळी संपल्यासारखे विचारायचे, "वेग किती? तापमान किती?" आणि मी वाचून दाखवायची. आकडा शंभराच्या जवळ गेला की म्हणायचे, "खाण रिकामी करा," आणि चहा प्यायला उठायचे.

शेवटी त्यांना बाल्कनी आठवली. बाहेर उणे सव्वीस. कॉम्प्युटर गेला बाल्कनीत, पडदा राहिला खोलीत, वायरी खिडकीच्या फटीतून आल्या आणि फट आजीच्या जुन्या शालीने बुजवली. आजी म्हणाली, "मांस टांगायच्या जागी यंत्र?" आजोबा म्हणाले, "दोघांनाही थंडीच लागते." (मांसाविषयी खाली लिहिते.)

आणि आत्या, तुमचे वडील (अशा वेळी ते माझे आजोबा नसतात, तुमचे वडील असतात) जिंकू लागले. एकदा नाही, रोज. इतपत ठीक होतं. पण त्यांनी हेडफोनमधून सांगितलं, "झोल्दिबाय, लोखंड वितळवता वितळवता तूच पातळ झालास की रे." व्याह्याला म्हटलं असतं तर ही थट्टा. अजून व्याही न झालेल्याला म्हटलं, म्हणजे अपमान. हा बारीक फरक आमच्याच घरात शोधला गेला होता, हे सांगायची हिंमत कोणाला झाली नाही. मग तिकडे हेडफोन टेबलावर ठेवला गेला. एरालीच्या आईचा फोन आला की यांना जरा थंडी बाधली आहे, इतक्यात येणं जमणार नाही. (चाळीस वर्षं भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला.) एराली म्हणतो, वडील बंद पडद्यासमोर बसतात आणि म्हणतात, त्या घरचा चहासुद्धा नको. महिनाअखेरीस एराली पश्चिमेकडे तेलाच्या विहिरींवर कामाला जाईल. तोवर डूल घातले गेले नाहीत, तर त्याची आई दुसरीकडे बघणार आहे. तसं ती बोलली नाही. मला "बाळ" म्हणायची, आता नावाने हाक मारते.

उपाय सोपा आहे. वेग पहिल्यासारखा करायला एक बटण पुरतं. पण नंतर आजोबा वेग विचारणार, आणि मला खोटा आकडा सांगता येत नाही. आरशासमोर सांगून पाहिला. कान लाल झाले. म्हणून असं ठरवलं आहे. आणखी एकच खेळ खेळा, असं एरालीने वडिलांना कसंबसं पटवलं आहे. त्याआधी आजोबा हमामात वाफ घ्यायला गेले की मी वेग उतरवीन. ते हरतील. मग विचारतील, तेव्हा खरा आकडा सांगेन. खोटं न बोलता माणसाला फसवता येतं, हा शोध मला लागला आहे आणि तो मला आवडलेला नाही.

आतोबांना सलाम. मुलांना पापे.

तुमची भाची,
आयगानिम

ता.क. मांसाविषयी. बोगद्यात शिरणारी हवा कुठून येते, हे आजोबांनी तीनदा तपासलं होतं. बाहेर पडणारी कुठे जाते, हे बघणं खाणीत बहुधा दुसऱ्या विभागाकडे असावं. ती नेमकी व्याह्यांच्या मानाच्या तुकड्यावर जात होती. आजीला थेंब पडताना ऐकू आले. "तुझा खाणकामगार माझ्या व्याह्यांची कंबर शिजवतोय," ती म्हणाली. वाया जाऊ नये म्हणून आम्ही तो खाल्ला. फार चवदार होता. म्हणून विनंती, किंबहुना पत्र त्यासाठीच: तुमच्याकडे दुसरा असेल तर डूल घालायच्या वेळी येताना घेऊन या, आणि पहिला कुठे गेला ते कोणाला विचारू नका.

ता.क. दोन. माझी पत्रं अजूनही टपालात पडण्याआधी आजोबा तपासतात, शुद्धलेखनासाठी. हेही सवयीने त्यांच्या चष्म्याजवळ ठेवलं गेलं. लक्षात आलं तेव्हा ते चौथ्या पानावर होते. "उणे सव्वीस"वर रेघ मारून "उणे अठ्ठावीस" केलं आहे. "गाढव"च्या जागी "खेचर" सुचवलं आहे. शेवटी समासात लिहिलंय, "चोरून करायच्या कामाचा दिवस लिहीत नाहीत. उघड करायच्या कामाचा लिहितात. इथे दिवस नाही." मग चहाचा पेला माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "डूल घातले की त्याच संध्याकाळी परत चढव. तेव्हा झोल्दिबाय रागावला, तर ती व्याह्यांची थट्टा."

तेव्हा राहिलेला दिवस लिहिते. वेग मी उतरवणार आहे खेळ सुरू व्हायच्या आधी, आजोबा शेजारी बसलेले असताना, आकडा मोठ्याने वाचून: शनिवार, १४ फेब्रुवारी.