पश्चिमेकडची खोली

६ ऑक्टोबर
कोक्विटलामला पोहोचले एकदाची! वॉरेनसाहेब स्टेशनवर घ्यायला आले, सूटकेसही त्यांनीच उचलली. सत्तरीचे, गोड बोलणारे. त्यांचे पणजोबा अमेरिकन सरकारचे तहनाम्यांचे कारकून होते. त्यांचे पेटीभर कागद मी वाचून नोंदवायचे. बेसमेंटमध्ये पूर्वेच्या खोलीत कागद, पश्चिमेच्या खोलीत माझा पलंग. सहा आठवडे भरले की माझा कॅनडातला कामाचा अनुभव एक वर्षाचा होतो, मग साहेबांचं पत्र जोडून पीआरला, म्हणजे इथे कायमचं राहायला, अप्लाय करता येईल. वसईला मम्मीला फोन केला. ती म्हणाली, शॅरन, देव पावला.

९ ऑक्टोबर
कागद वाचून तोंड कडू झालंय. अमेरिकेने एवढा मोठा मुलूख फ्रेंचांकडून विकत घेतला, ऑरेगन इंग्रजांशी बोलणी करून मिळवलं, मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा युद्ध करून. आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींशी त्यांना न कळणाऱ्या भाषेत तहनामे, खाली त्यांच्या प्रमुखांच्या फुल्या. पणजोबांनी समासात लिहिलंय, आज सोपं गेलं. शी! आमच्या आजोबांच्या वाडीवर बिल्डरने असाच अंगठा घेतला होता.

संध्याकाळी साहेब रोज एक कागद पुढे करतात, दिवसाचं काम झाल्याची सही म्हणून. मी न वाचताच करते. आमच्याकडे शेजारी कागद घेऊन आला आणि आपण वाचत बसलो, तर त्याला चोर म्हटल्यासारखंच होतं.

१७ ऑक्टोबर
कागदांच्या खोलीत भिंतीवर हरणाच्या कातड्यावर काढलेला नकाशा आहे. त्यात अमेरिकेचा भाग लाल. मी आले तेव्हा लाल रंग डोंगरांपर्यंत होता, आज पश्चिमेच्या समुद्राला टेकलाय. बोट लावलं तर ओलं लागलं. बोटाला नासलेल्या मांदेलीचा वास, साबणाने तीनदा धुऊनही जात नाही. साहेब म्हणाले, ह्युमिडिटी असेल, हीटर लावतो.

२४ ऑक्टोबर
लाल डाग भिंत ओलांडून माझ्या खोलीत आलाय. तिथली भिंत मऊ आणि कोमट झालीय, तिच्यावर बारीक केस आहेत. वॉशरूममध्ये जाऊन भडाभडा ओकले. पलंग आणखी पश्चिमेला सरकवला. साहेबांनी हसून विचारलं, थोडं ॲडजस्ट करशील ना? तळपायाची आग मस्तकात गेली, तरी ओके म्हटलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटं नाही.

१ नोव्हेंबर
आज सही करण्याआधी वाचलं. बेसमेंटची पश्चिमेकडची खोली, तिथलं पाणी, तिथला उजेड आणि तिथे राहणारी, हे सगळं स्वखुशीने दिलं. आधीच्या प्रत्येक कागदावर हेच आहे. खाली माझी सही.

सकाळी उजवा पाय चादरीला चिकटला होता. सोलून काढला. टाच लाल, ओली, केसाळ. ती माझी वाटतच नाही. मी जाते म्हटलं. साहेब म्हणाले, जा की, पण मग पत्र कसं देणार?

८ नोव्हेंबर
लाल गुडघ्यापर्यंत — वास आता माझ्याच अंगाला — साहेब म्हणतात, दुसरी कुणी आण, तुझा पाय तुला परत, पत्रही देतो. शी — असं कुणी —

११ नोव्हेंबर
आणली. गौरांगी, विनिपेगची स्टुडंट. जाहिरात मीच टाकली — प्रेमळ घरमालक, मराठी मुलीला प्राधान्य. येताना माझ्यासाठी चकल्या घेऊन आली. मला ताई म्हणते. माझी मलाच किळस येते.

१२ नोव्हेंबर
जिन्यात बसून लिहितेय. पाय उचलत नाही. साहेब वर टेबलाशी — एका हातात माझं पत्र, दुसऱ्या हातात तिचा कागद. गौरांगीने पेन उघडलं. वळून मला विचारतेय, ताई, वाचायला लागेल का गं, की करू सही?

नको म्हणायचंय. एवढा एकच शब्द — साहेब माझ्याकडे बघतायत, पत्र अजून सोडत नाहीत —

मी म्हटलं —